रुमालाखालचा भाव

समजा, माजलगावच्या एका गुरुजींना त्यांची २०१७ ची स्विफ्ट विकायची आहे. मुलानं अंगणात गाडी धुऊन फोटो काढले, ऑनलाइन जाहिरात टाकली, भाव लिहिला चार लाख वीस हजार. तासाभरात फोन येतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो आणि भावात फारशी घासाघीस करत नाही. "सर, गाडी माझ्या मेहुण्याला द्यायचीय. तो उद्या केजहून येईल, बघून जाईल. आमच्यात जुनं देणंघेणं आहे, म्हणून त्याच्यापाशी भावाचं काढू नका. पैसे मी टाकतो." गुरुजींना यात वावगं वाटत नाही. कुणाच्या घरात देणंघेणं नसतं?

दरम्यान याच माणसानं गुरुजींच्या जाहिरातीतले फोटो उचलून स्वतःची जाहिरात टाकलेली असते. गाडी तीच, अंगण तेच, भाव मात्र तीन लाख. केजच्या एका तरुणाच्या नजरेला ती पडते. त्यालाही तसंच गोड उत्तर मिळतं: "गाडी माझ्या मावसभावाच्या नावावर आहे, ते माजलगावला शिक्षक आहेत. मी पुण्यात ड्यूटीवर. जा, निवांत बघा. फक्त भावाचं त्यांच्यापाशी बोलू नका, घरात वाटणीवरून कुरबूर चालू आहे."

दुसऱ्या दिवशी तरुण ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन माजलगावला जातो. गाडी खरी, मालक खरा, आरसी खरी, आधारवरचं नाव आरसीशी जुळतं, चेसिस नंबरही जुळतो. चहा होतो. भावाचं कुणीच काढत नाही, कारण दोघांनीही शब्द दिलेला असतो. तरुण अंगणातूनच तिसऱ्याला फोन लावतो आणि सांगितलेल्या खात्यावर तीन लाख पाठवतो. मग किल्ली मागतो. गुरुजी म्हणतात, माझ्याकडे तर एक रुपया आलेला नाही. पाच मिनिटांत आवाज चढतात, शेजारीपाजारी गोळा होतात. अंगणात दोन सरळ माणसं उभी असतात आणि दोघांनाही वाटत असतं की समोरचा लबाड आहे. लबाडाचा फोन तेव्हा बंद झालेला असतो.

गुरुजी आणि तो तरुण माझ्या मनातले आहेत. डाव खरा आहे, देशभर खेळला जातो, आणि जुन्या गाड्यांच्या व्यवहारातला मला तो सगळ्यात बेरकी वाटतो. एरवी आपण फसलेल्या माणसाला ऐकवतो तो प्रत्येक उपदेश इथे पाळलेला आहे. गाडी प्रत्यक्ष पाहिली, कागद तपासले, मालकाच्या घरी गेला, सोबत जाणकार नेला. तरी पैसे गेले. एकच गोष्ट झाली नाही: ज्याची गाडी होती आणि ज्याला ती घ्यायची होती, त्या दोघांनी समोरासमोर बसून भाव बोलला नाही.

बीड जिल्ह्याला लपवलेला भाव नवा नाही. गेवराई तालुक्यातल्या हिरापूरच्या किंवा बीड तालुक्यातल्या नेकनूरच्या बाजारात जनावरांचे सौदे पाहिलेल्यांना रुमाल माहीत असतो. दोन हात उपरण्याखाली जातात, बोटं दाबली जातात, आकडा बोटांनी ठरतो. शेजारी उभ्या असलेल्या बघ्याला तो कळत नाही. पण रुमालाखाली हात असतात ते घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे, किंवा दोघांच्या तोंडओळखीच्या हेड्याचे, म्हणजे दलालाचे. बैल तिथंच दावणीला उभा असतो. त्याचे दात बघून तो दोन दाती, चार दाती की जुळलेला हे ठरतं, चालवून खोड पाहिली जाते. मग नोटा मोजायच्या, बाजार समितीची पावती फाडायची आणि कासरा हातात द्यायचा. पैसा, जनावर आणि कागद एकाच जागी, एकाच वेळी हात बदलतात. तिथंही फसवणूक होते, पांढऱ्या केसांवर काळा रंग चोपडलेले बैल पूर्वीही विकले गेलेत. पण पैसे एकाला दिले आणि बैल दुसऱ्याचा निघाला, असं होत नाही.

जुन्या गाडीच्या व्यवहारात या तीन गोष्टींची फारकत झाली आहे. पैसा आज जातो, गाडी उद्या येते, कागद सहा महिन्यांनी. फसवणारा राहतो तो या मधल्या मोकळ्या जागेत.

आणि ही जागा इंटरनेटनं केलेली नाही. ती आपण केली.

आपल्याकडे गाडी विकताना 'टीटी फॉर्मवर सह्या देणे' हा सर्रास रिवाज आहे. नमुना २९ आणि नमुना ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्यायच्या, घेणाऱ्याचं नाव, तारीख, किंमत सगळं कोरं ठेवायचं, सोबत आधारची झेरॉक्स जोडायची. गाडी चालू लागते. पहिला घेणारा ती दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, त्या कोऱ्या सह्यांसकट. मधल्या प्रत्येकाची ट्रान्सफरची फी, एजंटाचे पैसे आणि हेलपाटे वाचतात. बीडच्या पोरांचं पोट पुण्यावर, चाकण-वाघोलीवर अवलंबून. त्यामुळे एमएच १२ आणि एमएच १४ पासिंगच्या कितीतरी गाड्या इथं येतात आणि वर्षानुवर्षं पुण्याच्याच कुणाच्या तरी नावावर फिरत राहतात. एमएच २३ म्हणजे बीड आणि एमएच ४४ म्हणजे अंबाजोगाई, एवढं इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण दारातली गाडी कागदावर कुणाची आहे, हे घरातल्या कर्त्यालाही बऱ्याचदा सांगता येत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५० यावर स्पष्ट आहे. गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. राज्याबाहेर गेली तर विकणाऱ्याला ४५ दिवस आणि ना हरकत प्रमाणपत्र. न कळवल्यास काय होतं? सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिलेलं एक प्रकरण मी जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो. उत्तरेतल्या एका माणसानं जुलै २००७ मध्ये गाडी विकली, ताबाही दिला. गाडी पुढे आणखी काही हातांतून गेली. मे २००९ मध्ये तिनं अपघात केला, त्यात जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? सगळे मधले मालक एकमेकांकडे बोट दाखवू लागले. न्यायालयानं म्हटलं, आरटीओच्या नोंदवहीत अपघाताच्या दिवशी ज्याचं नाव, तोच कायद्याच्या लेखी मालक. म्हणजे जवळपास दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला माणूस. अपघातात होरपळलेल्या कुटुंबानं मालकांच्या साखळीमागे धावत बसायचं का, हा न्यायालयाचा प्रश्न होता, आणि मला तो रास्त वाटतो.

म्हणून गाडी विकणारा सुरक्षित आणि घेणारा तेवढा जोखमीत, ही समजूत खोटी आहे. विकलेल्या गाडीचे ई-चलन जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात, हा यातला सगळ्यात किरकोळ त्रास. गाडी गुन्ह्यात सापडली तर पोलीस पहिल्यांदा आरसीवरच्या पत्त्यावर येतात. पाचशेच्या बाँडवर नोटरी करून ठेवलेला करारनामा असला की आपली जबाबदारी संपली, असं अनेकांना वाटतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराचा बाँड जाऊन पाचशेचा आला, तेव्हा कागद महाग झाला, त्याची ताकद वाढली नाही. तो घेणाऱ्या-देणाऱ्यामधला पुरावा आहे. तिसऱ्यासाठी, म्हणजे अपघातग्रस्त, पोलीस, विमा कंपनी यांच्यासाठी आरटीओची नोंद हाच कागद.

डीलरकडे गाडी देतानाही हेच. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय नियमांत बदल होऊन जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत होण्याची सोय झाली. अशा डीलरला गाडी सोपवताना नमुना २९ग मध्ये ऑनलाइन कळवलं की त्या काळात तिची जबाबदारी त्याची धरली जाते. पण आपल्याकडे 'कार बाजार' म्हणजे बायपासला पत्र्याचं शेड, दहा गाड्या आणि एक फ्लेक्स. मालकानं अधिकारपत्र आहे का एवढं विचारलं तरी बराच निकाल लागतो.

आता फौजीची गोष्ट. फेसबुक मार्केटप्लेसवर किंवा ओएलएक्सवर बोलेरो दिसते, बाजारात सहा लाखांना जाणारी, इथं अडीच लाखांना. विकणारा लष्करात असतो. त्याची बदली झालेली असते, ती नेहमी आसामला किंवा जम्मूला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्र, कँटीन कार्ड, गणवेशातला फोटो पाठवतो. हे सगळे कागद कुणातरी खऱ्या जवानाचे, त्यालाच पूर्वी फसवून मिळवलेले असतात. गाडी 'आर्मी ट्रान्सपोर्ट'नं घरपोच येणार असते. आधी पाच हजार एकशे वाहतुकीचे, मग जीएसटीचे, मग गेटपासचे, मग 'परत मिळणारी' अनामत. प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा थोडा मोठा, आणि माणूस भरत राहतो, कारण थांबलं तर आधीचे बुडणार. गावोगावी पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं असलेल्या जिल्ह्यात फौजीच्या शब्दावर शंका घेणं पाप वाटतं. फसवणाऱ्यानं नेमकं तेच हेरलेलं असतं.

या डावातले बरेच फोन राजस्थान, हरियाणा आणि उत्तर प्रदेशच्या सीमेवरच्या मेवात पट्ट्यातून येतात: भरतपूर, अलवर, नूह, मथुरा. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एका रात्रीत सुमारे पाच हजार पोलीस घेऊन छापे घातले, यावरून आवाका कळावा. तो पट्टाही आपल्यासारखाच आहे: कोरडवाहू जमीन, बेकार पोरं, हातात स्वस्त मोबाइल. हे मी त्यांची कड घेण्यासाठी लिहीत नाही. पलीकडे कुणी संगणकातला जादूगार बसलेला नसतो, हे कळलं की भीती आणि दबदबा दोन्ही कमी होतात.

याच मंडळींचा दुसरा डाव विकणाऱ्यावर चालतो. "इसार म्हणून दहा हजार पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका." पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे हजारदा सांगूनही माणसं पिन टाकत होती. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीनं व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागवण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' सोयच बंद केली. एक दार लागलं. क्यूआरचं अजून उघडं आहे. आणि 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, ते दारही. गाडी विक्रीला काढलेली असते, चलन बाकी आहे असं घेणारा म्हणतो, माणूस घाबरून फाइल उघडतो आणि मग त्याचे ओटीपी दुसरंच कुणी वाचू लागतं.

गाडीच्या अंगातल्या फसवणुकीबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर मेकॅनिक माझ्याहून जास्त सांगेल. मीटर मागे फिरवलेलं ओळखायला आकड्यापेक्षा क्लचच्या पेडलचं रबर आणि स्टेअरिंगची झिजलेली कड अधिक प्रामाणिक असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर दिला तर शेवटच्या सर्व्हिसिंगला किती किलोमीटर होते ते बऱ्याचदा कळतं. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांच्या, तीस हजार चाललेल्या गाडीचे चारही टायर गेल्या महिन्यातले असतील तर विचारायला हवं.

पाण्यात बुडालेल्या गाडीवर मात्र थांबावं लागेल. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जातील अशी धास्ती होती. तेव्हा आपण दूरचा जिल्हा होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातच पूर आला, सिंदफणा नदीचं पाणी शिरूर कासारमध्ये घुसलं, आष्टी तालुक्यात कडा गावाजवळ अडकलेल्यांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. आता बुडालेली गाडी शेजारच्या तालुक्यातली असू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, गाळाची रेघ तिथं लपवता येत नाही. डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा आणि डॅशबोर्डखालचे वायरचे सॉकेट पाहावेत. गाडीला सुगंधी स्प्रेचा वास जास्तच येत असेल तर काचा लावून दहा मिनिटं आत बसावं.

विमा कंपनीनं 'टोटल लॉस' ठरवलेल्या गाडीचा आणखी एक उपयोग होतो. भंगारात गाडी जाते, पण तिची आरसी आणि चेसिस नंबर जिवंत राहतात. तशाच रंगाची चोरीची गाडी आणून तिच्यावर तो नंबर ठोकला की कागद खरे आणि गाडी चोरीची. चेसिस नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. पत्रा घासलेला, अक्षरं वाकडी, आजूबाजूचा रंग नवा, असं दिसलं तर भाव कितीही चांगला असो, परत फिरावं. काचांवरही अनेकदा नंबर कोरलेला असतो, तो जुळतो का बघावं. एमपरिवाहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंद कुठल्या आरटीओची, विमा कधीपर्यंत, कर्ज कुणाचं हे दिसतं. मालकाचं नाव मधली अक्षरं झाकून येतं, पण जुळवण्यापुरतं पुरतं.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह हा वेगळाच प्रकार. राजधानीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या इनोव्हा, स्कॉर्पिओ स्वस्तात दिसतात. त्या घेण्यात बेकायदा काही नाही, पण ना हरकत प्रमाणपत्र, इथली पुनर्नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ते कर धरला की स्वस्ताई बरीच वितळते. हा हिशेब न सांगता विकणारा खोटं बोलत नाही, फक्त पूर्ण बोलत नाही.

आणि बोजा. फायनान्सवरची गाडी हप्ते न भरता विकणं हा इथला जुना रोग. आरसीवर कंपनीचं नाव असतं, विकणारा म्हणतो, "एनओसी दोन दिवसांत येती, तेवढं उरकून घेऊ." ती येत नाही. एके दिवशी धुळे-सोलापूर हायवेच्या कडेला ढाब्यावर वसुलीवाले गाडी अडवतात आणि घेऊन जातात. घेणाऱ्याकडे टीटी फॉर्म असतो, त्याला विचारत कुणी नाही. नमुना ३५ आणि कंपनीचं पत्र हातात दिलं तरी ते खोटं असू शकतं, म्हणून त्या कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन कर्ज खातं बंद झाल्याची खात्री करावी, किंवा उरलेली रक्कम थेट कर्ज खात्यात भरावी. ऊसतोडीच्या हंगामाआधी उचल हातात आल्यावर मुकादम आणि ट्रॅक्टरवाले घाईत गाड्या घेतात, तेव्हा शाखेत जायला वेळ नसतो. रोख पैसा आणि कमी वेळ, दोन्ही एकाच आठवड्यात येतात. रोखीबद्दल एक गोष्ट माहीत नसते: आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला.

"मग ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावी," असं यावर कुणी म्हणेल. बीडमध्ये राहून असं म्हणायला धीर लागतो. ज्ञानराधा मल्टिस्टेटचं मुख्यालय याच शहरात होतं, शाखेतले चेहरे गल्लीतले होते, आणि तरी ठेवीदारांचे पैसे अडकले, प्रकरण ईडीपर्यंत गेलं. ओळखीनं माणूस सापडतो, पैसे सापडतीलच असं नाही. गाडीच्या सौद्यात मला भरवसा वाटतो तो चेहऱ्यापेक्षा क्रमावर: आधी भाव दोघांनी एकमेकांच्या तोंडून ऐकायचा, मग ऑनलाइन अर्ज भरायचा, मालकाच्या आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी त्याच्यासमोर टाकायचा, आणि त्याच बैठकीत पैसे आरसीवर नाव असलेल्याच्याच खात्यात. विकणाऱ्यानं नमुना २९ ची पोच जपून ठेवायची. घेणाऱ्यानं १४ दिवसांत विमाही नावावर करायचा. तृतीय पक्षाचा विमा कायद्यानं आपोआप येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही.

पैसे गेलेच, तर १९३० हा नंबर. गृह मंत्रालयाची ही यंत्रणा एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाली, आधी नंबर १५५२६० होता. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढच्या खात्यांपर्यंत माग काढून ती रक्कम गोठवली जाते. हे तासांचं काम आहे, दिवसांचं नव्हे, कारण पैसे चार-पाच खात्यांतून फिरून एटीएममधून निघतात. लाज वाटते म्हणून लोक आधी भावाला, मग ओळखीच्या नगरसेवकाला सांगतात आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांकडे जातात. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ग्राहकाला संरक्षण दिलं ते अनधिकृत व्यवहारांसाठी. पिन आपणच टाकला असेल तर बँक त्याचा आधार घेऊ देत नाही.

या गोठवण्याचा एक फटका मात्र सरळ माणसालाही बसतो. समजा, अंबाजोगाईच्या एकानं गाडी रीतसर विकली, साडेतीन लाख खात्यात आले. महिन्याभरानं खातं गोठलं. पैसे आले होते ते घेणाऱ्याच्या नव्हे, तर 'मित्राच्या' खात्यातून, आणि त्या खात्यात आलेला पैसा तेलंगणातल्या कुणाच्यातरी फसवणुकीचा होता. तक्रार तिकडच्या पोलिसांकडे, खातं इथलं. म्हणून ज्याच्या नावावर गाडी होणार त्याच्याच खात्यातून पैसे घ्यावेत, मित्र-मेहुणा-मालक कुणाचंही नको. आणि खातं गोठलंच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या ठाण्याच्या सांगण्यावरून गोठवलं ते लेखी घ्यावं, मग नमुना २९-३० च्या पोचपावत्या, घेणाऱ्याशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि गाडी सोपवतानाचा दोघांचा फोटो जोडून त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ईमेलनं आणि पोस्टानं अर्ज पाठवावा. वादातली रक्कम तेवढी अडकवून बाकीचं खातं मोकळं करा, अशी मागणी त्यात स्पष्ट लिहावी. तरीही दाद मिळाली नाही तर न्यायालयात जावं लागतं. टीटी फॉर्म कोरा देऊन गाडी विकलेल्याकडे त्या अर्जाला जोडायला एकही कागद नसतो.